वाटेत गळलेल्या फ्रेम

“बाबा, याल ना लग्नाला?” स्मृतीने एकदाचं विचारून टाकलं. फोनच्या पडद्यावर बाबांनी मान डोलावली. आवाज मात्र आला नाही.

तिला इतका आनंद झाला की चित्राभोवतीची लाल कड दिसायला जरा उशीरच झाला. दिसली तशी ती गारच पडली.

त्या कडेचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार? व्हिडिओ कॉलच्या काही फ्रेम वाटेत गळतात. चित्र अडकू नये म्हणून आधीचा चेहरा पाहून मधल्या फ्रेम अंदाजाने बनवायच्या, हेच तर तिचं ऑफिसातलं काम. बनवलेल्या फ्रेमना चाचणीपुरती लाल कड, तीही फक्त तिच्या फोनवर. बाबांच्या फोनवर हे चाचणीचं ॲप तिनेच हौसेने घालून दिलं होतं.

तिच्या मारतहळ्ळीहून बाबांचं येलहंका काही परदेशात नाही, दोन्ही बंगळुरातच. पण तिने लग्नासाठी निवडलेल्या रविकिरणचं नाव निघालं की बाबा उठून आत जायचे. समोर बसून विचारायची तिची छातीच झाली नव्हती. आणि आता ही मान! बाबांनी हलवली, की तिच्या प्रोग्रॅमने? मघाशी ‘जेवलात का’ विचारलं तेव्हा बाबांनी मान डोलावली होती. तीच उचलली असेल मेल्याने.

“बाबा? काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

“थांब, स्वल्प गॅलरीत येतो.” चित्र हललं, लाल कड गेली. “हां. नाही येणार, असं म्हणालो होतो.”

स्मृती रडायच्याच बेतात होती.

“पण तू हसलीस गं,” बाबा म्हणाले. “वाटलं होतं, भांडशील. मी एवढं तोडून बोललो आणि पोरगी आपली हसतेय. तुझी आई अशीच गप्प करायची मला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तारीख सांग. येतो मी.”

हसली? ती? ती तर विचारल्यापासून, आनंद झाला तेव्हासुद्धा, ओठ चावत बसली होती! म्हणजे बाबांच्या फोनवर प्रोग्रॅमने तिचं मघाचंच हसू चिकटवलं होतं. खरं सांगावं, तर कसेबसे वळलेले बाबा पुन्हा फिरायचे. न सांगावं, तर त्यांनी हो म्हटलं ते नक्की कुणाला?

“स्मृती? अडकलीस का?”

“नाही, बाबा,” ती म्हणाली आणि हसली. सगळ्या फ्रेम येलहंक्याला पोचेपर्यंत ते हसू तिने तसंच धरून ठेवलं.