अडचण आल्यास

वाऱ्याने बायकोच्या छातीवरचा नंबर एकदा उलटावा, एवढ्यासाठी मेकॅनिक तीन किलोमीटर धावला होता. पंचाईत अशी, की नंबर तिच्या छातीवर होता आणि तो तिच्या पाठीमागे.

दौड इस्पितळाच्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी होती. बागेला पाच फेऱ्या, पाच किलोमीटर. "जिंकणं महत्त्वाचं नाही, आनंद महत्त्वाचा!" असं कर्ण्यावरचा माणूस दर दोन मिनिटांनी बजावत होता, तेही अशा जरबेने, की आनंद न झालेल्याला बागेबाहेर काढतील. इस्पितळाच्या लिफ्टची देखभाल मेकॅनिकच्या कंपनीकडे होती, म्हणून कंपनीने त्याचं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. बायको त्याच इस्पितळात एक्स-रे काढायची. गेले सात महिने ती भावाकडे राहत होती. मंगळवारी कोर्टात दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. भांडायला काही उरलं नव्हतं. इतकं समंजस जोडपं मी पाहिलं नाही, असं वकील म्हणाला होता.

सकाळी नोंदणीच्या रांगेत ती त्याच्यापुढे, मध्ये दोन माणसं सोडून उभी होती. नंबराच्या कागदामागे एक चौकट छापलेली होती: 'अडचण आल्यास कोणाला कळवावे.' तिने पेन घेतलं आणि एका दमात सगळे आकडे लिहून टाकले. विचार नाही, मोबाइलमध्ये बघणं नाही. कोणाचा तरी नंबर तिला तोंडपाठ होता. मेकॅनिकने ते रांगेतून पाहिलं. नंबर आपला असेल तर मंगळवारी सही करायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं. दुसऱ्याचा असेल तर पेन घरूनच न्यायचं.

त्याची पाळी आली तेव्हा त्याच्या हाताने तिचाच नंबर लिहिला. हात म्हणजे जुना नोकर. घर मोडलंय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो खोडायला गेला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, खाडाखोड चालत नाही." मग तिने किल्ल्या आणि फोन सामानाच्या तंबूत जमा करायला लावले. फोन देताना त्याचा जीव वरखाली झाला. लिफ्टमध्ये अडकलेल्या कोणाही परक्या माणसाला तो बारा वर्षं पहिल्या रिंगला सापडत आला होता. घरचं माणूस कुठेच अडकलेलं नसतं, अशा हिशेबाने घरचे फोन तो सावकाश, बहुधा संध्याकाळी, बघायचा.

आता बायकोच्या शेजारून इस्पितळाचा भूलतज्ज्ञ धावत होता. उंच, कोरडा, दम न लागणारा. डॉक्टर म्हणून त्याला सूट होती. फोन दंडाला पट्ट्याने बांधलेला. हल्ली तिला घरी सोडायला तोच येतो, ही बातमी मेव्हण्याने मुद्दाम फोन करून दिली होती. तो फोन मात्र मेकॅनिकने उचलला होता.

त्याने जोर मारला. तर दाढ आडवी आली. दंतवैद्यांचा चमू दाढांचे पोशाख घालून धावत होता. मेकॅनिक डावीकडे गेला की दाढ डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे.

"जरा सरका की हो!"

"आनंद घ्या काका, आनंद!" दाढ आतून म्हणाली.

शेवटी तो गवतातून आडवा धावत तिच्या पुढे निघाला आणि वळून उभा राहिला. ती पाणी पीत होती. तिच्या नंबराच्या खालच्या दोन टाचण्या निघाल्या होत्या. कागद फडफडला, आणि त्याला शेवटचा आकडा दिसला. सात. त्याचा नंबर सातवर संपायचा. मेव्हण्याचाही. तिने वर पाहिलं तेव्हा तो घाईघाईने बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

तळ्याच्या वळणावर तिचा पाय मुरगळला. ती खालीच बसली. भूलतज्ज्ञ थांबला, दाढ थांबली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक स्वयंसेविका धावत आली.

"काही मोडलेलं नाही," बायको म्हणाली. "मी रोज तेच बघते."

"तरी कळवावं लागतं, ताई. नियम आहे." मुलीने तिचा नंबर उलटा केला आणि आपल्या फोनवरून लावला.

मेकॅनिक चार पावलांवर दाढेच्या आडोशाला उभा होता. त्याने भूलतज्ज्ञाच्या दंडाकडे पाहिलं. दंड गप्प होता. एक दगड उतरला आणि दुसरा चढला. म्हणजे मेव्हणा. मेव्हणा फोन छातीवर ठेवून झोपणारा माणूस, आत्ता उचलेल. मुलगी कानाला फोन लावून या पायावरून त्या पायावर होत राहिली.

"कोणीच उचलत नाही, ताई. दुसरा कोणाचा नंबर देता?"

"दुसरा नाही." बायको घोटा चोळत होती. "लावत राहा. तो पहिल्यांदा कधीच उचलत नाही."

मुलीने परत लावला. मेकॅनिकचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तिकडे तंबूत, शे-दोनशे पिशव्यांच्या खाली कुठेतरी, रिंग वाजत असणार होती. त्याने दाढेला बाजूला सारलं, बायकोच्या शेजारी गवतात बसला आणि दम आवरत म्हणाला,

"हॅलो."