सालीचा मान

धुरपताबाईंच्या हातून आंब्याची साल घमेल्यात पडणार, तोच जावईबापू कृष्णराजांनी ती वरच्यावर झेलली.

अधिक महिना होता. धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई लातूरहून आले होते, आणि जावयाचा मान कसा राखतात हे पाहायला शेजारची शिवम्मा दारातच ठाण मांडून बसली होती.

"मामी, खरं सत्त्व सालीतच असतं," कृष्णराज म्हणाले. ते कॉलेजात आहारशास्त्र शिकवीत. "आणि आपण ती म्हशीला घालतो."

"म्हशीनं तुमचं काय घोडं मारलंय?" शिवम्मा म्हणाली.

कृष्णराज हसले. "बाजारच्या आंब्याची साल मात्र मी तोंडात घालत नाही. पावडर टाकून पिकवतात. कितीही धुवा, धोका नकोच. हे तर घरच्या झाडाचे, आढीतले. मामीच म्हणाल्या."

मामींनी ते अख्ख्या गल्लीला सांगितले होते. वास्तविक घरच्या झाडाचा मोहोर गारपिटीने केव्हाच झोडपून नेला होता. आंबे काल थोरल्या लेकाने, बब्रुवानाने, मुरूम गावच्या बाजारातून आणले होते, आणि पेटीच्या तळाशी पावडरीच्या पुड्या निघाल्या होत्या. आंबे धुऊन, सोलून वाढले की काही होत नाही, अशी धुरपताबाईंनी स्वतःची समजूत घातली होती. वाढायला आलेला बब्रुवान आता आईच्या तोंडाकडे पाहत जागीच थबकला.

जावयाने साल तोंडाजवळ नेली. खरे सांगावे तर शिवम्मा दारात. गप्प बसावे तर लेकीचे कुंकू.

"थांबा!" धुरपताबाई कडाडल्या. "धोंड्याला जावयाच्या ताटातली साल जावयानं खायची नसती. सासूनं खायची. रीत हाय आमच्या घरात."

"अगं बया! ही रीत कधी निघाली?" शिवम्मा म्हणाली.

"तुझ्या आईचं लगीन बी झालं न्हवतं, तवा."

एवढे बोलून त्यांनी साल काढून घेतली आणि सर्वांदेखत चावली. ओठ चुरचुरले, जिभेला कडवट लागले. मान मात्र ताठ राहिली.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

कृष्णराज गहिवरले. "वर्गात घसा कोरडा करतो, पण कुणी मनावर घेत नाही, आणि इथं चक्क रीत आहे! बब्रुवानदादा, सगळे आंबे आणा. मामींसाठी मीच सोलतो."

शिवम्मा सरकत सरकत आत आली. "धुरपताक्का, मला बी एक साल दे की. मान म्हणून."

"जावई माझा, साल माझी. तू बस तिथंच."

"आई," बब्रुवान खालच्या आवाजात म्हणाला, "खरंच आणू?"

धुरपताबाईंनी पदर सावरला आणि जावयासमोर पाटावर मांडी घातली.

"आण," त्या म्हणाल्या. "अन् येताना मीठ घेऊन ये."