कुलपातली माशी

“मधमाश्यांविरुद्ध ही आरपारची लढाई आहे!” सोसायटीचे अध्यक्ष चिपळूणकर गरजले, तेही जाळी लावलेल्या खिडकीआडून.

शत्रुपक्षात एकच माशी होती. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून ती टपालपेटीच्या कुलपाच्या भोकात भरत होती. फवारणीवाला आला, तशा निवृत्त शिक्षिका कुंदाबाई पेटीसमोर आडव्या आल्या.

“मोहोळ दाखवा आधी! हिला ना राणी, ना फौज. एकटी बाई पानांत गुंडाळून अंडी ठेवतेय, आणि तुम्ही विष मारता? लाज नाही वाटत?”

“मला चावली तर?” चिपळूणकरांनी खिडकीतून विचारलं.

“तुम्हाला? तिला चव कळते!”

फवारणीवाल्यानं नळी गुंडाळली.

“पिल्लं बाहेर पडेपर्यंत, महिनाभर, मी इथून हलणार नाही!” कुंदाबाई कडाडल्या. मग हळूच म्हणाल्या, “अध्यक्षसाहेब, तेवढी एक खुर्ची खाली पाठवता का? गुडघे धरलेत.”