लाल झाकणाखालचे दोन स्विच

“झाकण उघडू नका,” कॅप्टन म्हणाल्या. “आधी सांगा, खाली काय आहे?”

लिफ्टवाल्याने हात मागे घेतला. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. चाळिसाव्या मजल्यावर लोंबकळतानाही तो कधी घाबरला नव्हता. इथे मात्र, मागच्या खोलीत फळ्या आणि कॉम्प्युटरचे तीन पडदे जोडून बनवलेल्या लढाऊ विमानात, त्याची पाचावर धारण बसली होती.

कारणही तसंच होतं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या ज्या बाईशी त्याला लग्न करायचं होतं, तिने स्वच्छ सांगितलं होतं, “कॅप्टन हो म्हणाल्या तर हो. त्यांना सोडून मी कुठे येणार नाही. आणि त्यांच्या मनाविरुद्ध तर नाहीच नाही.”

घरात सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. स्वभावच तसा. दुपारची झोप नीट झाली होती, तरी कपाळावर आठ्या होत्याच. खुर्चीवर दोन उशा घेऊन त्या कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. तिथून विमानात हवा तो बिघाड घालता येई. शेजारी दुधाचा पेला. समोरचे दात नसल्यामुळे बिस्किट बुडवूनच खावं लागे. याआधी आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी विमानासकट समुद्रात बुडवलं होतं. तो परत फिरकला नाही.

“स्पॉयलर ओव्हरराइडचे दोन स्विच,” लिफ्टवाला म्हणाला. “एक पंखाच्या आतल्या पट्ट्यांचा, एक बाहेरच्या.”

“पट्ट्या करतात काय?”

“पंखावर उभ्या राहतात. ज्या बाजूच्या उठतात तो पंख खाली जातो.”

“झाकण बंद असताना?”

“नॉर्मल. एक पट्टी अडकली, तर कॉम्प्युटर दोन्ही पंखांवरच्या तिच्या जोडीच्या पट्ट्याही बंद करतो. विमान कलंडू नये म्हणून.”

“आणि ओव्हरराइड?”

“उरलेल्या चालू राहतात.”

“हे वहीत आहे. वही मला पाठ आहे.” कॅप्टननी निळ्या वहीवर हात ठेवला. ज्याने हे विमान बांधलं, त्याचंच ते अक्षर. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. “तुमचं सांगा.”

अकरा दिवस घोकलेलं सगळं तिथेच संपलं.

“आमच्या लिफ्टमध्येही असंच असतं,” तो सावकाश म्हणाला. “एक बिघडलं की सगळं थांबतं. ते बरोबरच आहे, जीव वाचतात. पण आतली माणसं अडकून पडतात. मग कुणाला तरी वर चढून म्हणावं लागतं, जे उरलंय ते चालू करू या, मी आहे इथे.”

कॅप्टनच्या हातातलं बिस्किट दुधात विरघळून गेलं.

“तिनेही सगळं बंद केलं होतं,” त्या म्हणाल्या. “गाणंसुद्धा. आता पुन्हा गाते. भांडी घासताना.”

लिफ्टवाल्याला एकदम भरून आलं. पण रडायला सवड कुठली! कॅप्टननी कळ दाबली आणि विमान डावीकडे कलंडलं.

“डावा पंख! आतली पट्टी अडकली!” तो ओरडला. झाकण उघडलं, आतल्या पट्ट्यांचा स्विच ढकलला, दांडा उजवीकडे धरून ठेवला. धावपट्टी एकदा पडद्यात आली, एकदा गेली, पुन्हा आली. विमान तीनदा उसळलं, दिव्याचा एक खांब सोबत घेतला आणि थांबलं.

“पास,” कॅप्टन म्हणाल्या. “काठावर.”

त्याचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरातलं गाणं थांबलं आणि ती ओले हात पुसत दारात आली.

“काय ठरलं?”

“चालतील,” कॅप्टन म्हणाल्या. “पण एक अट आहे.”

कॅप्टन उशांवरून खाली उतरल्या.

“उद्या दहाला पालकसभा आहे. दुसरी ब. दर वेळी आईच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. उद्या तिथे तुम्ही बसायचं.”