गाळणी कुठं लावायची

नागेंद्रअण्णांच्या हातातला वायरलेस सेट अडखळला. “अ... णा... हि... ग... ठी...” आणि गप्प झाला.

“घे, सुरू झालं त्या भरमू तोतऱ्याचं,” अण्णा म्हणाले. “दमानं बोल म्हणून किती डाव सांगितलं. औंदाच्या पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातलं वायरलेसचं ठाणं त्याला न्हाय द्यायचं. सकाळीच सगळ्यांना सेटवर सांगून टाकलंय मी. पूल पाण्याखाली गेला, मोबाईल बंद पडला, की तिथला निरोप सरळ याय पायजे.”

शेजारी उभी पारमिता रिपीटरकडं बघत होती. येळ्ळूरजवळच्या या टेकडीवर त्यांच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबनं तो बसवला होता. लांबचा क्षीण आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्यानं बोलायचा, एवढंच त्याचं काम. छपरावर दोन अँटेना, एक कानाची, एक तोंडाची. नको त्या लहरी अडवणारे चार फिल्टर, तांब्याचे उभे डबे, अण्णांनी स्वतः जोडलेले. चारही कानाच्या वायरीत.

“अण्णा, भरमूला तुम्ही कधी बघितलंय?”

“न्हाय. आवाजावरनं कळतंय की.”

“तोतरा तो न्हाय. आपला रिपीटर बहिरा हाय. भरमूचा आवाज आला की हा बोलाय लागतो. बोलाय लागला की स्वतःच्याच गोंगाटात भरमूचं ऐकत न्हाय. गप्प झाला की परत ऐकतो. म्हणून तुकडे. आपला आवाज जवळचा, मोठा, तो बुडत न्हाय.”

“त्यासाठीच तर चार डबे बांधलेत कानाला. अजून एक आणूया हवा तर.”

“धा आणा. ट्रान्समीटरचा, म्हंजे तोंडाचा, गोंगाट भरमूच्याच फ्रिक्वेन्सीवर सांडतोय. कानाशी तो गाळाय गेलं की भरमूबी गाळला जाणार. जिथनं निघतोय तिथंच गाळाय पायजे. तोंडाशी.”

अण्णांच्या जोडणीला क्लबात आजवर कुणी हात लावला नव्हता.

“बिघडलं म्हंजे?”

“होतं तसं जोडून देते. पण न्हाय बिघडायचं.”

तिनं रिपीटर बंद केला. दोन डबे काढून ट्रान्समीटरच्या वायरीत घातले. मीटर लावून डब्यांच्या जुळणीच्या दांड्या हळूहळू फिरवल्या. मीटरच्या पडद्यावरची रेघ भरमूच्या फ्रिक्वेन्सीवर खोल खचली, म्हणजे तिथला गोंगाट आता अडणार होता, तशी तिनं नट आवळले आणि रिपीटर चालू केला.

अण्णांनी सेटचं बटण दाबलं. “भरमू, नागेंद्र बोलतोय. बोल बघू. दमानं.”

“बोला अण्णा. हिकडं सगळं ठीक हाय. पाणी अजून पुलाच्या लई खाली हाय. सकाळपास्नं तेच सांगतोय.”

एका दमात, एकही अक्षर न तुटता.

अण्णांनी पारमिताकडं बघितलं. ती नट आवळायचे पाने पुसत होती.

“आता झ्याक येतंय रं,” अण्णा सेटवर म्हणाले. “आम्हाला आपलं वाटलं...”

“काय वाटलं ते म्हाईत हाय, अण्णा,” भरमू म्हणाला. “तुटत होतं ते माझंच. तुमचं मला पयल्यापास्नं सगळं ऐकू येतंय. सकाळचंबी. मग, ठाणं कुणाचं?”

“तुझंच,” अण्णा म्हणाले. त्यांनी बटणावरचा अंगठा काढला आणि सेट कानाशी धरला.