नोट हुंगणारं यंत्र

बांगड्यांच्या दुकानासाठी नोटा मोजायचं यंत्र निवडताना सरूबाईंनी साध्या यंत्रावरच बोट ठेवलं. हल्लीची यंत्रं नोट हुंगून ती कुठे ठेवली होती तेही सांगत, आणि नथीसाठी गुपचूप साठवलेले त्यांचे पैसे नाचणीच्या डब्यात होते.

"अहो, साधंच घेऊ. मोजलं म्हणजे झालं."

"बघू तर दे," म्हणत त्यांच्या नवऱ्याने, धोंडीरामांनी, खिशातली नोट यंत्रात सरकवली.

यंत्र बोललं, "माळ्यावरची जुनी चप्पल. सात महिने."

धोंडीराम खाली बघू लागले.

दुकानदार हसला. "आता वहिनी, तुमची एक टाका."

सरूबाईंनी पाकिटाची चेन ओढली. "नको. साधंच बांधा."

घरी परतताना धोंडीरामांनी हळूच विचारलं, "तांदळाचा डबा का डाळीचा?"

"तुम्ही तुमची चप्पल सांभाळा," सरूबाई म्हणाल्या.