गुठळ्यांचं पिठलं

तृप्तीने उकळत्या पाण्यात कोरडं बेसन भसकन ओतलं आणि पातेलंभर गुठळ्याच गुठळ्या झाल्या. रूपाली मॅडम रागवणार, एवढ्यात शेजारच्या शेगडीवरून कडूबा म्हणाले, "पोरी, कसं टाकलंस? पुन्हा एकदा दाखव बरं."

रूपालीने कपाळाला हात लावला. राजूरच्या आसपास कडूबा आचाऱ्याशिवाय लग्नाची पंगत उठत नसे. तिच्या स्वतःच्या लग्नातली बुंदी यांच्याच हातची. असा माणूस साठी ओलांडल्यावर जालन्याच्या कम्युनिटी कॉलेजात स्वयंपाक शिकायला येतो, आणि जिला धड गॅस पेटवता येत नाही तिचा हात निरखत बसतो. यातून काय समजायचं?

प्राचार्य तर वय बघून नकोच म्हणत होते. रूपालीनेच गळ घातली होती, "आचारी आहेत, वर्गाचं नाव काढतील." नाव निघालं, पण ते असं! कडूबांना दरवेळी पिठलंच करायचं असे आणि दरवेळी ते आणखी बिघडे. लसूण करपायचा. हळद मुठीने पडायची.

हळूहळू रूपालीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. कडूबामामांना विसर तर पडत नसेल? त्यांची बायको गिरिजाबाई रोज सोबत येत आणि वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहत. नवऱ्याला एकटं सोडायची सोय राहिली नसणार, हे उघडच होतं.

"मामा, डॉक्टरला दाखवलं का?" तिने एकदा चाचरत विचारलं.

"दाखवलं की. औषध चालू हाय." कडूबांनी पातेल्यातून मान वर केली नाही. "पोटात अन्न गेलं पाहिजे म्हणले. न्हाई तर काही खरं न्हाई. तेवढंच जमून न्हाई राह्यलं."

रूपालीला फार वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवशी ती त्यांच्या शेगडीपासून हलली नाही. "मामा, आज बुंदी करा. हात आपोआप चालेल. पास व्हायचंय ना?"

"बुंदीचं काय करू, मॅडम? पिठलंच करतो."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गुठळ्या, कच्चं पीठ, त्यात करपलेला लसूण. आजोबा, हे कोण खाणार?" त्यांनी तिथल्या तिथे नापास करून टाकलं.

रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. कडूबांना मात्र ऐकायलाही सवड नव्हती. तेच पिठलं त्यांनी ताटात घेतलं, सोबत भाकरी घेतली आणि जवळजवळ धावतच बाहेर गेले. गोंधळलेली रूपाली मागोमाग गेली.

त्यांनी ताट गिरिजाबाईंपुढे ठेवलं. बाईंनी आधी मान फिरवली. मग बोटाने जरासं चाटून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि भाकरीचा तुकडा मोडला. बघता बघता अर्धं ताट रिकामं झालं.

"हे तर माझ्याच हातचं हाय!" त्या हरखून म्हणाल्या. मग लगबगीने ताट झाकत कडूबांकडे वळल्या. "बस झालं, भाऊ. तुम्ही कोण ते मला ठावं न्हाई, पण बाकीचं झाकून ठेवा. आमचे मालक लग्नाचा सैपाक करून येतील, त्यांना असंच आवडतंय."